डॉक्टरसाहेबांची फियाट

चारही टायर मातीत रुतलेले, डिकीत कोंबडीनं अंडी घातलेली आणि बॉनेटवर तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, अशा अवस्थेत ती गाडी वीस वर्षं उभी होती. १९७६ ची प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या दारव्ह्याकडं पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, आणि ही तर डॉक्टरसाहेबांची फियाट. साहेब गेले, मुलं पुण्याला. वाडा विकायच्या वेळी धाकट्याचा फोन आला, "भंगारवाल्याला देण्यापेक्षा तूच घेऊन जा." मी त्याच दुपारी ट्रॉली जोडून गेलो.

माझा धंदा वेल्डिंगचा. ट्रॉल्या, डवरे, वखराच्या पासा, गोठ्याचे गेट. यवतमाळला आयटीआयला असताना आमच्या सरांकडं एक जुनं इंग्रजी मासिक होतं, त्यात मी पहिल्यांदा हॉट रॉडचं, म्हणजे वेगासाठी कापून-सोलून काढलेल्या जुन्या गाडीचं, चित्र पाहिलं. मडगार्ड नाही, बॉनेट नाही, इंजिन उघडं, मागची चाकं जाड, पुढची बारीक, आणि अख्खी गाडी जमिनीला टेकायला आलेली. ते चित्र माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

नंतर जमेल तसं वाचत गेलो. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात पोरं दहा-दहा वर्षं जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायची, वजन कमी करायला जे जे निघेल ते काढून टाकायची आणि वाळवंटातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर पळवायची. १९३२ साली फोर्डनं साध्या माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं, ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं, आणि मग त्या पोरांच्या हाताला खरा जोर आला. मला त्यात भावलं ते हे की त्यांच्याकडं पैसा नव्हता. जवळच्या भंगारात जे मिळालं, त्याच्यातूनच त्यांनी गाडी केली. भंगाराला आमच्याकडं काय तोटा आहे?

पण त्यांची फोर्ड आणि माझी फियाट यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मला दोन महिने घालवल्यावर कळला.

त्या जुन्या फोर्डला खाली वेगळी चासी असते. आपल्या बंडीसारखं. वरची साटी उचलून बाजूला ठेवली तरी आख आणि चाकं जागेवर राहतात. फियाट अंड्यासारखी आहे. तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचं कवच हाच तिचा सांगाडा. दाराखाली जी पत्र्याची पेटी जाते, तिच्यावर पुढचा आणि मागचा भाग तोललेला असतो. माझ्या गाडीची डावी पेटी गंजून जाळी झाली होती. मी काय केलं, गाडी दोन जॅकवर घेतली, ग्राइंडर लावला आणि सडलेली पेटी पुढून मागपर्यंत कापून काढली. ट्रॉलीचं काम करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. नवी पेटी वाकवून आणली, बसवायला गेलो तर दीड बोट आखूड. मला वाटलं माप चुकलं. दार लावून पाहिलं तर दार बसेना. गाडी मधून खचली होती.

हे कोणी करणार असेल तर त्यानं आधी बांधून घ्यावी, मग कापावी. दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा चौकोनी पाइप टाके मारून बसवायचा, गाडी चार ठिकाणी टेकवून पाणसळीनं लेव्हल करायची, आणि पेटी एकदम न कापता वीतभर कापायची, वीतभर जोडायची. मी खचलेली गाडी पुन्हा वर घेतली ती खालून जॅक देत, रोज थोडी थोडी, दार हलक्या हातानं लागेपर्यंत. पत्रा वीस गेजचा, पातळ. आर्क वेल्डिंगची कांडी जरा रेंगाळली की भोक. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की विजेचा दाब इतका पडतो की कांडी चिकटते, म्हणून हे सगळं काम मी रात्री अकरानंतर केलं. मंडळी म्हणायची, "तुमचं लग्न त्या गाडीशीच लावून द्यायला पाहिजे होतं." पण टॉर्च धरून बसायचीही तीच.

छत कापून बुटकं करायचा विचार तिथंच सोडला.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं बनवलेल्या गाडीचा मूळ तपशील बदलता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी निघाली, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण त्यातही चासी, बॉडी, इंजिन फार बदललेलं चालत नाही. म्हणजे हॉट रॉड केली की रस्ता बंद. मी ते मनापासून मान्य केलं. माझी गाडी फक्त माझ्या वावरात चालते. ती कॅलिफोर्नियाची पोरंही आधी कोरड्या तळ्यातच पळवायची.

आता आजीचं. शेजारच्या गल्लीतली आजी, वय ऐंशीच्या पुढं, काठी टेकत आली आणि गाडीपाशी उभी राहिली. मी आतलं सगळं उपसत होतो.

"इले कापून राहिला का तू?"

"थोडीशी, आजी."

"माहा पोरगा याच गाडीत झाला ना बाप्पा. झडी लागलती. डॉक्टरसाहेब दारव्ह्याले घेऊन चालले होते, अडाण नदीले पूर, पुलावरून पाणी. मागच्या शिटवरच झाला. साहेबानं सोताच्या धोतरात गुंडाळला त्याले." मग हात आत घालून तिनं शीट चाचपली. "हे तेवढं राहू दे."

हॉट रॉडमध्ये मागची शीट म्हणजे फुकटचं वजन. मी ती ठेवली. त्या दिवसापासून गावातलं एकेक माणूस येऊन सांगायला लागलं, माझा बाप याच गाडीत यवतमाळला नेला होता, माझ्या हाताचं हाड मोडलं तेव्हा मी पुढं बसलो होतो. ज्या गाडीला मी भंगार समजून आणलं होतं, तिच्यात अर्धं गाव बसून गेलेलं होतं. त्यानंतर काही कापायचं तर मी आधी रात्रभर विचार करायचो.

इंजिन मूळचंच ठेवलं, १०८९ सीसी. मारुतीचं इंजिन टाक म्हणून सगळे सांगत होते. पण माझ्या मते हॉट रॉडची खरी कारागिरी असलेल्या इंजिनातून जास्त काढण्यात आहे. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. ते नागपूरला नेऊन एक मिलिमीटर घासून आणलं, म्हणजे सिलिंडरमधला दाब वाढतो. त्याचा परिणाम एप्रिलमध्ये दिसला, उन्हात चढाला इंजिन ठोकायला लागलं. ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं तेव्हा थांबलं. सोलेक्स कार्बोरेटर स्वच्छ करून पेट्रोलचा जेट एक नंबर मोठा टाकला. चित्रातल्या गाड्यांना कार्बोरेटरवर नुसते चकचकीत भोंगे असतात. आमच्या काळ्या मातीच्या फुफाट्यात तसं केलं तर महिन्याभरात पिस्टनच्या रिंगा जातील. मी ट्रॅक्टरचा ऑइल बाथ फिल्टर बसवला, हवेतली धूळ तेलात धरणारा. दिसायला बोजड आहे, पण माझ्या गाडीचा मला सगळ्यात आवडता भाग तोच.

सायलेन्सरचा पाइप बदलताना मोठी चूक झाली. घरात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पडला होता, तोच वाकवून शेडचं दार लावून वेल्डिंग केलं. त्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडात पैसे चघळल्यासारखी चव. जस्ताचा धूर होता तो. वीस वर्षं हा धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत असतं, मलाही होतं, पण घाई होती. तो पाइप फेकला आणि साधा एमएस, म्हणजे बिनमुलाम्याचा लोखंडी, आणला.

मूळ डायनॅमो आयडलिंगला बॅटरी चार्ज करत नाही, आणि मला रेडिएटरला विजेचा पंखा हवा होता, कारण इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून मारुती ८०० चा अल्टरनेटर. त्याचं ब्रॅकेट मी चार वेळा बनवलं.

गाडी खाली बसावी म्हणून मागचे कमानपाटे आमच्या गावच्या लोहारकाकांनी उतरवले. दोन पाती काढली आणि उरलेली थंडच ठोकून बसवली. मी गॅसनं तापवून देतो म्हटलं तर काका माझ्यावर ओरडले. "पाणी उतरते त्याचं! मंग ते पातं राहत नाही, पट्टी होते." स्प्रिंगचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

जिनिंगच्या काट्यावर आणली तेव्हा गाडी ८८० किलो होती. बंपर, बॉनेट, डिकीचं झाकण, पुढच्या शिटा आणि आतला सगळा पत्रा-पुठ्ठा काढून, ट्रॅक्टरची एक शीट टाकून, मागची शीट ठेवून ७९० झाली.

माझं नाल्याकाठचं मुरमाड पडीक ४१० मीटर लांब आहे. अमेरिकेत पाव मैलाची शर्यत असते, म्हणजे ४०२ मीटर. हे माप जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कोणाला सांगून कळायचा नाही. इंजिनला हात लावण्याआधी फोनवर वेळ धरली होती, २६ सेकंद. मार्चमध्ये तूर निघाल्यावर धरली, साडेतेवीस.

आजीचा पोरगा आता एसटीत चालक आहे. सुट्टीच्या दिवशी वावरात आला, गाडीला एक फेरी मारली, मागच्या शिटकडं बघितलं आणि काही न बोलता पुढं बसला. मला वाटलं दणकून पळवेल. त्यानं तिसरा गिअरसुद्धा टाकला नाही. खड्डे चुकवत, बस प्रवाशांनी भरलेली असावी तशी शेवटपर्यंत नेली आणि वळवून आणली. उतरल्यावर खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मागची शीट पुसली.

"डावीकडं ओढते," तो म्हणाला. "ब्रेक मारला की."

खरंच ओढते. रविवारी उजवा ड्रम खोलतो आहे. तोही येतो म्हणाला.