स्वरलेखनाची नवी आवृत्ती मंद का वाटते?

स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेघांच्या स्टाफवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ती जुनीपेक्षा मंद चालते, अशी तक्रार हमखास ऐकू येते. तक्रार पुष्कळदा खरी असते. पण वेळ नेमका कशात जातो हे वेगळे काढल्याशिवाय दोन आवृत्त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

वाद्यवृंदाच्या मोठ्या स्कोअरमध्ये (सर्व वाद्यांच्या एकत्रित लेखनात) पाचव्या बारमधल्या (उभ्या रेघांमधल्या तालाच्या भागातल्या) एका स्वराला शार्प (स्वर चढवणारे चिन्ह) लावला, असे समजा. त्या इवल्याशा चिन्हाला जागा लागते, म्हणून बार रुंदावतो. त्या ओळीतला शेवटचा बार कदाचित खालच्या ओळीत ढकलला जातो, आणि मग पुढच्या ओळींची, प्रसंगी पानांचीही, मांडणी बदलत जाते. शिवाय एकाच क्षणी वाजणारे स्वर सर्व वाद्यांच्या स्टाफांवर एकाखाली एक यावे लागतात, त्यामुळे व्हायोलिनमधला बदल बासरीपासून डबल बेसपर्यंत सगळ्यांचे अंतर हलवतो. वाद्यांचे स्वतंत्र पार्ट (एकेका वाद्यापुरते लेखन) काढलेले असतील, तर हाच बदल तिथेही उमटवावा लागतो.

म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरची 2015 सालची दुसरी आवृत्ती प्रत्येक बदलानंतर साधारणपणे संपूर्ण स्कोअर नव्याने मांडत असे. 2018 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने बदलाची झळ जिथवर पोहोचते तेवढाच भाग मांडायला सुरुवात केली, आणि त्याच आवृत्तीत चिन्हे एकमेकांवर चढू नयेत म्हणून ती आपोआप सरकवण्याची सोयही आली. पहिल्या सुधारणेने वाचलेला वेळ दुसरीने काही प्रमाणात खर्च केला, तरी मला हा व्यवहार पटतो, कारण स्लर (स्वर जोडणारी कमान) आणि डायनॅमिक्सची (आवाजाच्या चढउताराची) चिन्हे एकेक करून हाताने सरकवण्यात जाणारा वेळ कोणत्याही मोजमापात धरलाच जात नाही.

प्लेबॅकचा, म्हणजे लिहिलेले संगीत वाजवून ऐकण्याचा, हिशेब निराळा आहे. म्यूझस्कोअरच्या डिसेंबर 2022 मधल्या चौथ्या आवृत्तीने म्यूझ साउंड्स हा वाद्यध्वनींचा संच आणि व्हीएसटी 3 (बाहेरची ध्वनी-साधने जोडण्याची पद्धत) यांना जागा दिली. ध्वनिमुद्रित वाद्यांचे असे मोठे संच रॅम आणि डिस्क या दोहोंवर भार टाकतात, त्यामुळे स्कोअर उघडायला लागणारा वेळ वाढू शकतो. स्वरलेखनाच्या इतर सॉफ्टवेअरपैकी सिबेलियस 2011 मध्ये सातव्या आवृत्तीत 64 बिटवर आले, तर फिनाले 2016 मध्ये पंचविसाव्या आवृत्तीत पूर्णपणे 64 बिट झाले. त्यापूर्वीच्या 32 बिट रचनेत एका प्रोग्रॅमला 4 जीबीपेक्षा अधिक मेमरी मिळणे शक्यच नव्हते, हे मोठ्या साउंड लायब्ररी वापरणाऱ्यांना चांगलेच जाणवत असे.

म्हणून तुलना करताना मी एकाच स्कोअरच्या दोन प्रती घेतो, दोन्हीकडे साधेच ध्वनी ठेवतो, आणि फाइल पहिल्यांदा उघडण्याचा वेळ मोजत नाही, कारण जुनी फाइल नव्या आवृत्तीत आणताना ती आधी रूपांतरित होते. मग तेच बार आधी पान-दृश्यात आणि नंतर सलग दृश्यात (जिथे पाने न पाडता स्कोअर एकाच लांब ओळीत दिसतो) लिहून पाहतो. लिहिताना अडखळत असेल तर संशय मांडणीवर जातो. लिहिणे सुरळीत असून केवळ पान सरकवताना झटके बसत असतील तर स्क्रीनवर चित्र काढणारा भाग तपासावा लागतो. आणि वाजवतानाच आवाज तुटत असेल तर प्रथम ऑडिओ बफर (वाजवण्यापूर्वी आवाज साठवून ठेवण्याची जागा) वाढवून पाहावा.