जुनी इस्टेट गाडी घेतली, डिकीत पाणी असूनसुद्धा

घरात आधी एक छोटी हॅचबॅक होती आणि तिच्यावर आमचं मस्त भागत होतं. मग आईला व्हीलचेअर लागायला लागली आणि सगळं गणितच बिघडलं. चेअर घडी करूनही डिकीत मावेना, मागची सीट पाडावी तर माणसं बसवायची कुठे. सगळ्यांचं एकच, एसयूव्ही घे. गेले बघायला. डिकीचा काठ जवळजवळ माझ्या कमरेला लागत होता, तिथवर ती चेअर रोज चार वेळा उचलायची म्हणजे वर्षभरात दुसरी चेअर माझ्यासाठी आणावी लागली असती. तेव्हा डोक्यात आलं, इस्टेट, म्हणजे छत थेट मागेपर्यंत लांबवून मोठी डिकी केलेली गाडी. खाली बुटकी, मागे लांब, काठ गुडघ्याच्या जरा वर. कोणाला नको असते म्हणून जुनी स्वस्तातही मिळते.

शोधताना लक्षात आलं की या प्रकाराला प्रत्येक कंपनीने वेगळंच नाव दिलंय. ऑडी म्हणते अवांत, बीएमडब्ल्यू टूरिंग, फोक्सवॅगन व्हेरियंट, स्कोडा कॉम्बी, आणि अमेरिकेत सगळ्याच स्टेशन वॅगन. नुसतं इस्टेट टाकून शोधत होते तोवर निम्म्या गाड्या मला दिसतच नव्हत्या.

डिझेल नको हे आधीच ठरवलं. अ‍ॅव्हरेज चांगलं देते मान्य, पण आमचं फिरणं म्हणजे दवाखाना, बाजार, घर. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते. इंजिन तापायच्या आत घरी पोचणाऱ्या माणसाने ती घेतली की फिल्टर तुंबलाच समजा, आणि तो बदलायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. साधं पेट्रोल, टर्बो नसलेलं, बास.

पहिली गाडी पाच मिनिटांत बाद. फोनवर बजावून सांगितलं होतं की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका, मला थंड इंजिन बघायचंय. गेल्या गेल्या बोनटवर हात ठेवला तर चांगलंच कोमट. थंड असतानाच तर खरं कळतं ना, इंजिनातली चेन खडखडते का, निळा धूर येतो का. त्यांनी काही लपवलं असेलच असं नाही, पण मी परत आले.

दुसरी गाडी दिसायला नवरी. माझा चुलतभाऊ गॅरेजमध्ये काम करतो, त्याला सोबत नेलं होतं. त्याने बोनट उघडून इंजिन बघायच्या आधी फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट बघितले, एका बाजूच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग उडालेला, म्हणजे पान्हा लागलाय, फेंडर कधीतरी निघालाय, बहुधा ठोकर बसल्यावर. मग त्याने स्कॅनर लावला. चेक इंजिनचा दिवा नव्हता, एरर कोडही नव्हता, पण मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच घेतो त्या चाचण्या, जवळपास सगळे अपूर्ण. तो म्हणाला, एकतर कोणी नुकतेच कोड पुसलेत नाहीतर बॅटरी काढलीय, गाडी बरीच फिरल्याशिवाय ते पुन्हा पूर्ण होत नाहीत. मालक लगेच म्हणाला हो हो, कालच नवी बॅटरी टाकली. नवी बॅटरी! टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलेली. निघालो.

तिसरी आत्ताची. रंग उडालेला, बंपरला ओरखडे, एका दारात खळगा. मालक म्हणजे एक वयस्कर काका, सर्व्हिसचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारातच उभे. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू, धूर नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली तेव्हा चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटची कट कट नाही. चासी नंबर म्हणजे ते १७ अक्षर-आकड्यांचं लांबलचक प्रकरण काचेखाली, बॉडीवर आणि कागदावर जुळवून घेतलं. टायर नक्षीवरून ठीक वाटत होते, पण बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ना, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून मागचे दोन्ही दहा वर्षांच्या पुढचे निघाले. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा) बदललाय असं काका म्हणत होते पण पुस्तकात नोंद नव्हती, आणि ज्याची नोंद नाही ते झालंच नाही असं धरायचं हे भावाने आधीच पढवून ठेवलेलं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडतात, मग उरतं ते भंगार.

मग मी व्हीलचेअर आणली. हो, घेऊनच गेले होते, लोक हसतात पण मला नंतर रडायचं नव्हतं. सीट न पाडता आडवी आत गेली, वर पिशव्यांना जागा. मी मनातल्या मनात गाडी घेऊनच टाकली होती, तेवढ्यात भावाने डिकीचं कार्पेट उचललं.

स्टेपनी पाण्यात. ओलसर वगैरे नाही, चांगलं चार बोटं पाणी, जॅक त्यात बुडालेला. काका एकदम ओशाळले, म्हणाले, "अहो ताई, मी तर ही स्टेपनी कधी काढलीच नाही." आणि मला ते खरं वाटलं, कारण स्टेपनीचा बोल्ट गंजून इतका बसला होता की भावाला दोन्ही हात लावावे लागले.

मी म्हटलं, चला, ही पण गेली. पण भावाने पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. बुळबुळीत. नीट बघितलं तर पाण्याला किंचित निळी झाक होती. "हे पावसाचं नाही," तो म्हणाला, आणि जाऊन मागच्या काचेचा वॉशर दाबला. पुढे मोटरचा आवाज आला, काचेवर एक थेंब नाही. दाबून धरला तर डिकीच्या अस्तराच्या आतून ठिबक ठिबक ऐकू आलं.

झालं असं होतं की वॉशरची टाकी पुढे बोनटखाली, आणि तिथून बारीक नळी छतातून अख्ख्या गाडीभर मागे येते आणि बिजागरीजवळ एका रबरी भात्यातून डिकीच्या दारात शिरते. दार हजारो वेळा उघडून मिटून नळी त्या भात्यात तुटलेली. काका काच ओली होत नाही म्हणून अजून दाबायचे, ते सगळं पाणी खांबातून उतरून स्टेपनीखाली. किती वर्षं गाडी आतून धुतली कोण जाणे.

पाणी उपसून, पुसून भावाने तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचून टोचून बघितला, गंज वरवरचा, पत्रा शाबूत. कुठे आत गेला असता तर मी सोडलीच असती. मग बसलो घासाघीस करायला. बेल्ट, दोन टायर आणि हे पाणी, तीन गोष्टींवर काकांनी भाव उतरवला, चौथ्यावर म्हणाले आता पुरे, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मी बजेटमधला साधारण पाचवा हिस्सा आधीच बाजूला ठेवला होता, तो पहिल्या महिन्यातच संपला. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप, कारण तेवढ्यासाठी सगळं पुन्हा कोण उघडणार. कूलंट, ऑइल, ब्रेक ऑइल (ते हवेतली ओल पितं, म्हणून गाडी उभी असली तरी बदलायचं), मागचे टायर. नळीचं काम सगळ्यात स्वस्त, तुटलेला तुकडा कापून मध्ये एक जोड बसवला. त्याच भात्यातल्या दोन वायरीही तुटलेल्या निघाल्या, त्या सोल्डर केल्यावर नंबर प्लेटचा दिवा आपोआप लागला, तो बंद आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग मी स्टेपनीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. गाडीवर पाइप सोडला, भाचा टॉर्च घेऊन डिकीत आडवा, वरून दार बंद, आतून त्याची कॉमेंट्री चालू. कागद कोरडा. तरी पहिले दोन महिने दर रविवारी कार्पेट उचलून बघत होते.

आईला गाडी आवडली, सीट बुटकी असल्याने टेकून सरळ आत सरकता येतं म्हणते. डिकीतला दिवा मात्र अजून लागत नाही. भाऊ म्हणतो तिसरी वायर असणार, पुढच्या रविवारी पुन्हा तो भाता काढायचाय.