खालच्या काकूंचं छत

"ताई, टाइल्स राहू द्या. आधी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून या."

मिस्त्री असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात आमच्या बाथरूमच्या नव्या टाइल्सचे तीन नमुने होते. ग्रे की बेज, यावर घरात आठवडाभर वाद चालू होता.

गेले. काकूंनी दार उघडलं, चहा टाकला. त्यांच्या बाथरूमच्या छतावर, बरोबर आमच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून जातं त्या जाळीच्या खाली, पिवळट डाग. पोपडे सुटलेले. "दोनदा रंग दिला गं," एवढंच म्हणाल्या. आम्हाला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

वर येऊन माझं अंदाजपत्रक पुन्हा पाहिलं. टाइल्स, बेसिन, शॉवर, अगदी टॉवेल रॉडसुद्धा होता. टाइल्सखालचा जुना कोबा फोडणं नव्हतं. राडारोडा गोण्यांत भरून खाली नेणं नव्हतं. गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप बदलणं नव्हतं. वॉटरप्रूफिंगनंतर गळती तपासायला पाणी तुंबवून 48 तास थांबायचं असतं, तेही नव्हतं. "ते दोन दिवस कुणी धरतच नाही," मिस्त्री हसत म्हणाले. "मग गणपतीच्या आदल्या दिवशी मला फोन करतात."

दिसतं त्याचाच हिशेब केला होता मी. भिंतीआडचं सगळं जणू फुकटात होणार होतं! आता टॉवेल रॉड जुनाच राहील आणि काकूंचं छत आमच्या खर्चात धरलंय.

पण त्या दोनदा रंगाबद्दल काकूंशी कसं बोलू? पैसे देऊ केले तर रागावतील का?