आमची वाटचाल : गारठ्यात बिघडणारी ऑप-अँप सर्किटं

सेन्सरचे अँप्लिफायर बोर्ड दुरुस्त करणं हे आमचं मूळ काम. पुढे शीतगृहं, हवामान केंद्रं आणि क्रायोस्टॅट (अतिथंड तापमान राखणारं उपकरण) यांतले बोर्ड येऊ लागले. सगळ्यांची तक्रार एकच: टेबलावर बिनचूक, उणे ४० अंशांना बिघाड, बाहेर काढला की पुन्हा ठणठणीत. तेव्हा आम्ही आधी ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी आयसी, बदलायचो. आता तो सगळ्यात शेवटी बदलतो.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर. गारठ्यात अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव घट्ट होतो, धारिता घसरते आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) कित्येक पटींनी वाढतो. रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आउटपुटला तो एकटाच कपॅसिटर असेल, तर रेग्युलेटरच ऑसिलेट होऊ लागतो आणि खापर ऑप-अँपवर फुटतं. म्हणून ऑसिलोस्कोपचा (स्कोपचा) प्रोब थेट ऑप-अँपच्या सप्लाय पिनांवर लावायचा, तोही ग्राउंडची लांब वायर काढून, छोटी स्प्रिंग बसवून. सिरॅमिक कपॅसिटरमध्येही फरक आहे. एक्स७आर प्रकार उणे ५५ पर्यंतच अधिक-उणे १५ टक्क्यांत राहतो, आणि द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांना त्याची बरीचशी धारिता गेलेली असते. फिल्टर आणि इंटिग्रेटरसाठी आम्ही सी०जी प्रकारच वापरतो. त्यातला बदल अंशाला ३० पीपीएमच्या (दहा लाखांत ३०) आत राहतो.

पुरवठा स्वच्छ निघाला, तर हेडरूम, म्हणजे सिग्नल आणि पुरवठा यांच्यात उरणारी व्होल्टेजची जागा, बघायची. बहुतेक बोर्ड इथेच अडकलेले असतात. तापमान एक अंश उतरलं की ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज (तो चालू राहायला लागणारा) सुमारे २ मिलिव्होल्टने वाढतो. २५ वरून उणे ५५ वर गेलात, तर एका जंक्शनमागे १६० मिलिव्होल्ट गेले. आत दोन जंक्शन एकावर एक असली की त्याच्या दुप्पट. एलएम३५८ हा ऑप-अँप घ्या. ५ व्होल्टवर २५ अंशांना इनपुट ३.५ व्होल्टपर्यंत चालतं, पण पूर्ण तापमानपट्ट्यात डेटाशीट हमी देते ती ३ व्होल्टचीच. सेन्सर ३.२ व्होल्ट देत असेल, तर टेबलावर सगळं छान आणि गारठ्यात वाचन चुकलं तर नवल नाही. खात्री करायची सोपी युक्ती आहे: बाकीच्या भागांना झेपत असेल, तर थंड चेंबरमध्येच पुरवठा ५ वरून ६ व्होल्ट करा. दोष गेला, तर ऑप-अँप निर्दोष आहे, जागा कमी पडत होती.

ग्रेडही (भागाला ठरवून दिलेला तापमानपट्टा) तपासाच. शून्य ते ७० चा व्यावसायिक भाग उणे ४० ला चालला, तर तो त्या एका नगापुरता. पुढच्या लॉटची हमी नाही. उणे ५५ च्या खाली बायपोलर ट्रान्झिस्टरचा बीटा (करंट वाढवण्याची पट) पडतो, इनपुट बायस करंट (इनपुट पिनेतून वाहणारा छोटा करंट) वाढतो, आणि नायट्रोजनच्या तापमानाला असे बरेच ऑप-अँप बंदच पडतात. तिथे सीमॉस (मॉसफेट ट्रान्झिस्टरांचे) ऑप-अँप जास्त तग धरतात, पण स्थिरता बदलते. १०० मिलिव्होल्टचा स्क्वेअर वेव्ह देऊन ओव्हरशूट (आउटपुट ठरल्या पातळीच्या पुढे किती उसळतं) बघायचा. केबलचा लोड असेल, तर आउटपुटला ५० ते १०० ओहम सीरीजमध्ये.

आमच्या पद्धतीत सर्वात मोठा बदल झाला तो कोल्ड स्टार्टचा, म्हणजे गार बोर्ड सुरू करून बघण्याचा. चालू बोर्ड थंड करत नेला, तर तो स्वतःच्या उष्णतेवर तग धरतो आणि पास होतो. तोच बोर्ड बंद ठेवून गारठवला, तर आतलं बायस सर्किट सुरूच होत नाही. म्हणून आता चेंबर मिनिटाला २ अंशांनी उतरवतो, बोर्ड बंद ठेवून ३० मिनिटं मुरू देतो, मग स्विच टाकून पहिला सेकंद स्कोपवर पकडतो. तापमान चेंबरच्या डिस्प्लेवरून घेत नाही. थर्मोकपल ऑप-अँपच्या ऋण सप्लाय पिनेला लावतो, कारण बहुतेक आयसींमध्ये डाय (आतली सिलिकॉन चकती) त्याच पिनेशी जोडलेली असते. मीटर मात्र आयसोलेटेड हवा.

दोषी भाग शोधायला फ्रीझ स्प्रे सगळेच वापरतात. त्याचा फवारा शेजारच्या चार भागांवरही जातो. आम्ही उलटं करतो: सगळा बोर्ड गार, आणि संशयित भागावर १०० ओहमचा रेझिस्टर चिकटवून ५ व्होल्ट, म्हणजे पाव वॅट. तेवढ्या उबेने सर्किट जागं झालं, तर चोर सापडला.

शेवटी दव. जेएफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटचा बायस करंट तापमान दर १० अंशांनी उतरलं की साधारण निम्मा होतो, म्हणजे गारठ्यात ऑफसेट (शून्य इनपुटलाही येणारी चूक) सुधारायला हवा. मेगाओहमच्या सर्किटमध्ये तो उलट वाढला, तर आधी बोर्डावरचा ओलावा आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, सुकवा, कोटिंग करा, आणि चाचणीनंतर बोर्ड खोलीच्या तापमानाच्या थोडा वर येईपर्यंत चेंबरचं दार उघडू नका.