टेंपो 100 चा प्लाकेट आणि ट्रेलर ओढताना लागणारं डिझेल : माझा अनुभव

मला कुणी सांगितली नव्हती ती गोष्ट आधी सांगतो. जर्मनीत ट्रेलरच्या मागे 100 लिहिलेला गोल प्लाकेट, म्हणजे सरकारी मोहोरेचा स्टिकर दिसला ('टेंपो' म्हणजे जर्मनमध्ये वेग), म्हणून आपल्या गाडीने तो ट्रेलर ताशी शंभर किलोमीटरने ओढता येतो असं समजू नका. प्लाकेट ट्रेलरचा असतो. आपली गाडी त्याच्या नियमात बसते की नाही, हे कागद बघून आपणच ठरवायचं असतं आणि पोलिसांनी पकडलं तर दंडही आपणच भरायचा असतो.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. आमचं छोटं ढोल-ताशा पथक आहे. आठ ढोल, चार ताशे, झांजा, टोल, ध्वज. गणपतीत म्युनिककडच्या मिरवणुकीला जायचं म्हणजे एका बाजूचे सुमारे 230 किलोमीटर. दरवर्षी भाड्याची व्हॅन करण्यापेक्षा एक जुना ट्रेलर घ्यावा असं ठरलं, आणि 2024 च्या जूनमध्ये मी तो घेतला. माझी गाडी 1.6 लिटर डिझेलची छोटी स्टेशन वॅगन, कागदावर रिकामं वजन 1250 किलो. मागे हुक आधीपासून होता. लायसन्स साधं 'बी', कारण गाडी आणि ट्रेलर यांचं कागदावरचं कमाल वजन मिळून 3500 किलोच्या आत बसत होतं. विमा आणि नंबरप्लेट एका सकाळीच झाले.

इथे गाडीला ट्रेलर लावला की ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवरसुद्धा मर्यादा ताशी 80 ची. ट्रकनाही 80 च आहे, पण ते प्रत्यक्षात त्याहून थोडे जोरात जातात. म्हणजे तुम्ही नियमाने 80 धरलेत की मागचा चाळीस टनी ट्रक आरशात भिंतीसारखा उभा राहतो. म्युनिककडे जाणाऱ्या ए-8 ऑटोबानवर पहिल्यांदा रिकामा ट्रेलर ओढून आणताना माझे तळहात घामाने ओले झाले होते. त्याच दिवशी ठरवलं की शंभरची परवानगी काढायची. ही सवलत 1998 पासून आहे. गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवं, ट्रेलरचे टायर 6 वर्षांच्या आतले आणि निदान ताशी 120 च्या वर्गाचे हवेत, आणि वजनांचं गणित जुळायला हवं.

हे गणित नीट समजून घ्या, ट्रेलर विकत घ्यायच्या आधी. ट्रेलरला ब्रेक नसेल, किंवा ब्रेक असून शॉक अॅब्सॉर्बर नसतील, तर त्याचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 0.3 पटीच्या आत लागतं. 750 किलोचा साधा बिनब्रेकचा ट्रेलर शंभरने न्यायचा तर गाडी 2500 किलोची हवी. माझ्या गाडीला हा आकडा पडतो 375 किलो. ब्रेक आणि शॉक अॅब्सॉर्बर दोन्ही असले की सामानाच्या ट्रेलरला 1.1 पट चालतं. म्हणून मी मुद्दाम 1000 किलोचा, दोन्ही असलेला ट्रेलर शोधला. आमचं सगळं सामान मिळून 150 किलो भरत नाही, पण नियम कागदावरचं कमाल वजन बघतो. आत काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आणि मग माझा अख्खा उन्हाळा गेला.

जूनच्या शेवटी तपासणी केंद्रात गेलो. तपासनीस खाली वाकला, टायरच्या कडेवर टॉर्च मारला आणि उभा राहिला. "हे चालणार नाहीत." टायरची नक्षी नव्यासारखी होती, मी हात फिरवून बघितली होती. पण कडेवर चार आकडे होते, 1117. म्हणजे 2017 चा अकरावा आठवडा. सात वर्षं उलटून गेली होती. हा कोड बहुतेक वेळा टायरच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून ट्रेलर घेताना खाली झोपून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन नवे टायर घातले, जुलैत परत गेलो. ट्रेलर बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, त्यामुळे तिचा दाखला मिळणार नव्हता. तपासनिसाने शॉक अॅब्सॉर्बरवरचे नंबर स्वतः उतरवून घेतले, ब्रेक तपासले आणि अहवाल दिला. मला वाटलं झालं.

नोंदणी ऑफिसचं टेर्मिन मिळालं 5 ऑगस्टचं. इथले आपले लोक टेर्मिनच म्हणतात, 'अपॉइंटमेंट' कुणाच्या तोंडात येत नाही. अर्धा दिवस रजा टाकली, नंबर आला, काउंटरवरच्या बाईंनी अहवाल वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ओढणाऱ्या गाडीचं किमान रिकामं वजन इथे लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "हजार भागिले 1.1, म्हणजे 909 किलो. माझी गाडी 1250 ची आहे, हा तिचा कागद."

"तुमचा हिशेब बरोबर असेल. पण तो अहवालात असायला हवा, आणि तो मी लिहू शकत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. एक आकडा, जो त्यांनाही कळत होता आणि मलाही. तपासनिसाला फोन केला तर तो 19 ऑगस्टपर्यंत सुट्टीवर, आणि त्याच्या अहवालात दुसरं कुणी हात घालणार नाही. 19 तारखेला सकाळी केंद्राच्या दारात उभा होतो. त्याने 909 टाकला, सही केली, शिक्का मारला. तीन मिनिटं लागली असतील. पुढचं टेर्मिन 4 सप्टेंबरचं. मधल्या काळात मी रोज सकाळी सहाला उठून कुणाचं रद्द झालेलं टेर्मिन मिळतंय का बघायचो. नाही मिळालं. मिरवणूक 14 तारखेला होती आणि पथकातले सगळे माझ्या भरवशावर. तो एक महिना मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. अहवाल हातात आला की तिथल्या तिथे, टेबलावरून उठायच्या आधी, ही एक ओळ शोधा.

4 सप्टेंबरला त्याच बाईंनी कागद घेतला, मान डोलावली, प्लाकेटवर ऑफिसची मोहोर लावली. पार्किंगमध्ये येऊन मी ट्रेलरचं मागचं फळकूट फडक्याने पुसलं आणि तो चिकटवला. त्या क्षणी खरंच अभिमान वाटला.

आता डिझेलचं. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही, माझ्या गाडीत तो नेहमी कमी दाखवतो. टाकी भरायची, पहिल्या खटक्याला थांबायचं, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंत भरायचं आणि किलोमीटरने भागायचं. एकट्या गाडीला ऑटोबानवर शंभर किलोमीटरला 4.6 लिटर लागतं. 14 सप्टेंबरला म्युनिकला जाऊन आलो, जिथे रस्ता मोकळा तिथे शंभरने, आणि हिशेब आला 8.2 लिटर. विश्वास बसेना. पंधरा दिवसांनी तेच सामान घेऊन पुन्हा तिकडे गेलो तेव्हा मुद्दाम 80 धरलं, तर 6.3.

वजन दोन्ही वेळा सारखंच. फरक हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 80 चे 100 केले की तो दीडपटीहून जास्त होतो. आणि आमची ताडपत्री ट्रेलरच्या तळापासून दीड मीटर उंच, म्हणजे गाडीच्या टपाच्या वर साठेक सेंटिमीटर उभी. शंभरला ती समोरून आत दबायची आणि बाजूंनी फुगायची, दोऱ्या तडतडायच्या. आपण ढोल ओढत नव्हतो, ती ताडपत्री वाऱ्यात ओढत होतो. शंभरने गेल्यावर एका बाजूला जास्तीत जास्त अर्धा तास वाचतो, तोही रस्ता पूर्ण मोकळा असेल तरच, आणि त्यासाठी साडेचार लिटरच्या आसपास डिझेल जादा जातं.

हिवाळ्यात लोखंडी सांगाडा कापून 90 सेंटिमीटरवर आणला, ताडपत्री नवी शिवून घेतली. आठ ढोल एका थरात बसतात, वर ताशे आणि झांजा. आता ट्रेलर गाडीच्या मागे जवळजवळ लपतो. पुढच्या फेरीला 80 ने 5.5 आलं. एवढा फरक टायर, तेल, डिझेलमधली औषधं, कशानेच पडला नसता.

हो, चढाचं राहिलं. म्युनिककडे जाताना ए-8 वर मुलहाउझेनपासून होहेनश्टाटपर्यंत श्वेबिश आल्ब या डोंगराचा मोठा चढ आहे. तिथे पाचव्या गियरमध्ये इंजिन गुदमरवू नका. चढ लागायच्या आधीच चौथा टाका आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा 2000 च्या वर ठेवा. मी आधी डिझेल वाचेल म्हणून पाचवाच धरायचो, गाडी हळू व्हायची, मग घाईने खाली गियर टाकून पुन्हा वेग पकडण्यात वाचलेलं सगळं निघून जायचं.

हुकावर किती भार येतो तेही घरच्या वजनकाट्यावर मोजा. ट्रेलर सपाट उभा करून त्याच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा. माझ्या हुकाला 50 किलो चालतात, मी 40 च्या आसपास ठेवतो. जड टोल आणि झांजांची पेटी चाकांच्या जरा पुढे ठेवली की ते जमतं. मागे ठेवली होती तेव्हा ट्रेलर 90 लाच शेपटी हलवायला लागला होता.

प्लाकेट अजून मागे आहे. उशीर झाला असेल तर वापरतो, एरवी ट्रकच्या मागे बरंच अंतर सोडून 80. नव्या टायरवर 2224 आहे, म्हणजे 2030 च्या मे महिन्याच्या शेवटापर्यंत ते शंभरला चालतील.