अर्ध्या मिनिटाचा काळोख

दुपारी पर्स रिकामी करत होते. चष्मा पुसायचं फडकं, कागदात गुंडाळलेल्या चार लवंगा, औषधाच्या दुकानाच्या पावत्या आणि सगळ्यांत तळाला एक हिरवं प्लास्टिकचं कार्ड. त्यावर टोपीवाल्या माणसाचं चित्र. बॉस्टनच्या बस-मेट्रोत तिकिटाऐवजी चालणारं चार्लीकार्ड. त्यात दोन-चार डॉलर शिल्लक असणार आणि पुण्यात त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे दोन्ही मला ठाऊक. तरी टाकवेना. सेफ्टीपिनांच्या डबीत ठेवून दिलं. आमच्या घरात टाकवत नाही ते सगळं त्या डबीत जातं.

लेक बॉस्टनला लागून असलेल्या क्विन्सीत राहते. २०१३ साली पहिल्यांदा गेले तेव्हा ती गाडी घेऊन येईल अशी माझी समजूत. बाईसाहेब आल्या हात हलवत. "आई, बसने जायचंय." माझ्याबरोबर तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा, पैकी एकीत नुसती भाजणी आणि गोडा मसाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "फुकट आहे." तोंड मिटलं.

खरंच फुकट होती. सिल्व्हर लाइनची एसएल वन ही बस लोगन विमानतळावरून शहरात येते, आणि २०१२पासून विमानतळावर चढणाऱ्याला तिकीट नाही. साउथ स्टेशनला उतरून पुढे रेड लाइनची मेट्रो धरली, तरी वेगळे पैसे नाहीत. शहरातून विमानतळाला जाताना मात्र मोजायचे. म्हणजे आलेल्याचं स्वागत आणि निघालेल्याकडून वसुली. आपल्याकडे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की आलेल्यालाच कसं धरतात, ते काय सांगायचं.

बस लांबलचक. दोन डबे मधोमध जोडलेले आणि जोडावर पेटीच्या भात्यासारखा रबरी भाता, वळणावर एका बाजूने मिटणारा, दुसऱ्या बाजूने उलगडणारा. आत बॅगा ठेवायला मांडण्या. मी मात्र माझी बॅग मांडणीवर ठेवत नाही, दोन्ही पायांत धरून बसते. एसटीत लागलेली सवय आहे, त्यावर चर्चा नको. टर्मिनल ए झालं, बी झालं, सी झालं आणि एकदम ई. "डी कुठाय?" म्हटलं. लेक म्हणाली, होता, पण त्याला सी मध्येच घेऊन टाकला. एकत्र कुटुंब.

या बसला तिथे बस म्हणावं की नाही, यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. तिथल्या मेट्रोच्या नकाशात लाल, नारिंगी, हिरव्या, निळ्या रेषांच्या शेजारी हीही एक चंदेरी रेषा, जणू तीही रेल्वेच. शहराच्या पोटात तिला स्वतःचं भुयार आहे. २००४ साली सुरू झालं ते. जिने उतरून जायचं, फलाटावर उभं राहायचं, आणि समोर रुबाबात येते ती बस! या लाइनचा आधीचा, २००२मधला भाग वॉशिंग्टन स्ट्रीटवरचा. तिथे पूर्वी डोक्यावरून उन्नत रेल्वे जायची, ती १९८७मध्ये बंद करून पाडली. त्या वस्तीला रेल्वेच्या तोडीचं काहीतरी देऊ असा शब्द होता, मिळाली बस. म्हणून चिडलेले लोक तिला सिल्व्हर लाइन न म्हणता 'सिल्व्हर लाय', म्हणजे चंदेरी थाप, म्हणतात. पुणेरी पाटी लिहिणाऱ्यालाही आवडेल असं नाव. आमच्या सातारा रोडवर २००६ साली बीआरटी आली, तेव्हा बससाठी राखलेल्या मार्गिकेत बसच्या आधी दुचाकीवाले घुसले होते. त्यामुळे बसचं स्वतःचं भुयार बघून मला तरी भरून आलं.

पण मला सांगायचंय ते काळोखाचं.

विमानतळावरून निघालेली बस टेड विल्यम्स बोगद्यातून बंदराच्या पाण्याखालून येते. टेड विल्यम्स हा तिथला बेसबॉलचा खेळाडू. आपल्याकडे एवढा मोठा बोगदा खेळाडूच्या वाट्याला आला असता का, हा विचार करेपर्यंत पाणी संपतं. बोगद्यातून वर आल्यावर सिल्व्हर लाइन वे नावाचा थांबा. इथवर बस डिझेलवर, इथून पुढे भुयारात विजेवर. हा बदल करायला ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. दिवे जायचे. पंख्याचा घुंईं आवाज बंद. टपावरचे दोन दांडे वर उठून तारांना टेकायचे, आणि मग पुन्हा सगळं उजळायचं. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा, फार तर मिनिटाचा. नेहमीचे लोक मोबाइलमधून मानही वर करायचे नाहीत. मी त्या पहिल्या खेपेला घाबरून लेकीचा हात धरला, आणि दिवे आल्यावर सोडायचं विसरले.

दांडे बघितले आणि मी थेट माझगावला पोचले.

मुंबईत १९६२पासून १९७१पर्यंत ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस, होती, माझगाव ते गवालिया टँक. १९७०च्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला काकांकडे होतो. काका गोदीत फिटर. त्यांना कुवेतला नोकरी लागली होती, आणि चाळीतून परदेशी जाणारे ते पहिलेच. मग काय, तीन हार, सात नारळ. काकूने हातावर दही घातलं. "जातो म्हणू नकोस, येतो म्हण," हे आजीने इतक्यांदा सांगितलं, की काका संडासला जातानाही "येतो" म्हणून गेले. सामान आणि आजोबा टॅक्सीने पुढे रवाना झाले. आम्ही पोरं काकांबरोबर ट्रॉलीबसने, मग चालत ग्रँट रोड, तिथून लोकलने सांताक्रूझ.

काकू विमानतळावर येणार नव्हती. "मला नाही बघायचं तुमचं विमान. स्टोव्हवर भात ठेवलाय." भात शेजारणीकडे होता, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. थांब्यापर्यंत मात्र आली. बस आली, आम्ही चढलो, काका पायरीवर. घंटी झाली. काकांनी हात हलवला, काकूने पदर डोळ्यांना लावला आणि पाठ फिरवली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

बस वीस पावलं गेली असेल नसेल, वरचा दांडा तारेवरून निसटला. ट्रॉलीबस बंद पडली की कसलाच आवाज उरत नाही. डिझेलची निदान धडधडत तरी असते. कंडक्टर उतरून मागे गेला आणि दोरी ओढून दांडा तारेला लावायच्या खटपटीला लागला. लागेना. काकूला बस गेल्याचा आवाज आला नाही म्हणून तिने वळून बघितलं, तर नवरा तिथेच पायरीवर, गळ्यात तीन हार.

आता काय करायचं? निरोप तर घेऊन झालेला. पुन्हा हात हलवायचा? काकांनी अर्धा हात वर केला आणि खाली घेतला. काकू ना पुढे आली, ना घरी गेली. फुटपाथवर तशीच. बसमधली माणसं एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. आम्ही पोरं फिसफिस हसलो आणि कोणाची तरी टप्पल खाल्ली. शेवटी काकूच तिकडून म्हणाली, "अहो, रुमाल घेतलात?"

काकांनी खिसा चाचपला. "घेतला."

"आणि तो दुसरा?"

"तोपण."

दांडा लागला, बस हलली. या वेळी काकूने पाठ फिरवली नाही.

सांताक्रूझचा विमानतळ, गॅलरी, विमान, यातलं मला काहीही आठवत नाही. सगळं असणारच. काका पहिल्यांदा सुट्टीवर आले ते ७२ साली, ट्रान्झिस्टर घेऊन. तोवर ट्रॉलीबस बंद झालेली होती. काकूने त्यांना त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं असेल, असं वाटत नाही. ती पिढी विचारत नसे, रुमाल मोजून देत असे.

नंतर चार-पाचदा गेले बॉस्टनला. परतताना प्रत्येक वेळी लेक साउथ स्टेशनपर्यंत यायची. तिथून पुढे मी एकटी. सिल्व्हर लाइन वे आलं की दिवे जायचे आणि मला त्या काळोखात कोणीतरी बाहेर उभं असल्यासारखं वाटायचं. बाहेर असायचे फक्त काचेचे टॉवर आणि बांधकामाच्या क्रेन.

मागच्या खेपेला, २०२४मध्ये, लेकीला ऑफिसची मीटिंग होती. भुयारातल्या फलाटावर तिने बॅग आत चढवून दिली, "पोचलीस की कळव" म्हणाली, आणि दार मिटायच्या आत फोनवर बोलत जिन्याकडे गेलीसुद्धा. मी खिडकीशी बसले, बॅग पायांत. कोर्टहाउस गेलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर गेलं, सिल्व्हर लाइन वे आलं. मी काळोखाची तयारी करून बसले होते. बस थांबली, दोन माणसं चढली, बस निघाली. दिवा लुकलुकलाही नाही. बस नव्या आहेत, भुयारात बॅटरीवर चालतात. २०२३मध्ये जुन्या गेल्या, त्यांच्याबरोबर ते दांडेही. दिवे एकदाही न जाता मी पाण्याखाली.

मग फोन काढला आणि लिहिलं, "फ्रिजमधली आमटी आजच संपव." बोगद्यात तो मेसेज नुसता गोल फिरत राहिला. वर उजेडात आल्यावर गेला. ई टर्मिनल येईपर्यंत उत्तर आलं. अंगठा.

आमटी तिने टाकून दिली, हे नंतर कळलं.