माइकमधला भुंगा आणि सोसायटीचं ऑफिस

अर्धा तास. आमच्या इमारतीच्या मीटर रूममधला गंजलेला एक जोड कापून नवा बसवायला वायरमनला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मिळवायला मी सात आठवडे सोसायटीच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, आणि आज हे लिहायला बसले तरी माझा राग निवलेला नाही. तुम्ही घरी बाहुल्यांचे व्हिडिओ करत असाल आणि आवाजात घरघर येत असेल, तर नवा माइक घेण्याआधी हे वाचा.

आम्ही नौपाड्यात राहतो. चार मजली जुनी इमारत, रेल्वेचे रूळ हाकेच्या अंतरावर. बाहुल्यांचं वेड माझ्या सासूबाईंचं. आई मूळच्या कुडाळकडच्या. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या त्यांनी लहानपणी देवळात बसून पाहिल्या आहेत. २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या बातमीचं कात्रण आईंनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं, ते अजून तिथेच आहे. कळसूत्री बाहुली नाचवणं आमच्या आवाक्यातलं नाही, त्या दोऱ्या हातात बसायला वर्षं जातात. म्हणून आम्ही मोज्यांच्या, तोंड उघडणाऱ्या बाहुल्या केल्या. गोष्टी आईंच्या, मालवणीतून, आवाजही त्यांचाच. बाहुली माझ्या हातात आणि कॅमेरा म्हणजे फोन लेकीच्या. शिवणकाम, पडदा, टेबलामागे बसायची सोय यात काहीच अडलं नाही.

अडलं ते आवाजात.

एक जुना कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडणारी ऑडिओ इंटरफेसची छोटी पेटी आणि लॅपटॉप, एवढीच आमची सामग्री. पहिल्या दिवशी आईंनी हेडफोन लावला आणि म्हणाल्या, "ह्या पेटयेत भुंगो घुसलो काय गो?" तेव्हापासून घरात त्या आवाजाला भुंगा हेच नाव पडलं. एकसुरी, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. आई बोलायच्या थांबल्या की तो पुढे यायचा.

मी आधी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. केबल बदलली. एका दुकानदाराने माइक गेलाय म्हणून सांगितलं, म्हणून एक अख्खा शनिवार लॅमिंग्टन रोडवर घालवून दुसरा माइक आणला. त्यातही तोच भुंगा. मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज धुवायला घेतला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे, त्यामुळे ही घरघर ५० वर आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० वर बसते. बाईमाणसाच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण २०० च्या आसपासच असते. त्यामुळे भुंगा कापायला गेलं की बाईचा आवाजही कापला जातो. आईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. मी ती फाइल पुसून टाकली.

खूण हाताला लागली. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की हलक्या मुंग्या यायच्या. माइकच्या जाळीला हात लावला की भुंगा बारीक व्हायचा, हात काढला की परत मोठा. लेकीने चार्जर उपटला आणि भुंगा गप्प. इतका गप्प की खालून जाणारी रिक्षा हेडफोनमध्ये ऐकू आली. तर पहिली परीक्षा हीच करा: चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. भुंगा गेला तर माइकला दोष देऊ नका, भिंतीत बघा.

आमच्या लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटं टिकते. आईंची एक गोष्ट वीस मिनिटांची, आणि मध्येच थांबवलं की त्यांचा धागा तुटतो.

आमच्या ओळखीचे वायरमन आले. होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब त्यांच्या पिशवीत असतो. बोर्डाच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. मग फेज आणि वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या अर्थिंगमध्ये धरला. काहीच नाही, तारही लाल झाली नाही. म्हणजे अर्थिंग तुटलेलं, आणि चार्जरमधून गळणारी वीज जमिनीत न जाता माइकमध्ये भुंगा होऊन येत होती. (हे कुणीही घरी करून बघू नका, माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.) त्यांनी आमच्या घरातला डबा उघडला, हिरवी वायर शेवटपर्यंत नीट होती. म्हणाले, "वहिनी, तुमच्यात दोष नाही, खाली तुटलंय. आणि रेकॉर्डिंग राहू दे, गीझर जपून वापरा. आत वायर सुटून अंगाला लागली तर फ्यूज उडणार नाही, गीझरचं अंगच जिवंत होईल." मीटर रूमला कुलूप होतं. किल्ली सोसायटीच्या ऑफिसात.

तो दिवस फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. २१ मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो, त्या दिवशी आमची पहिली गोष्ट लोकांपुढे ठेवायची असं आईंनी ठरवलं होतं. मला वाटलं, पाच आठवडे हातात आहेत, भरपूर झाले.

ऑफिस मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेआठ उघडं असतं. मॅनेजरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फ्लॅटच्या आतलं वायरिंग ही मेंबरची जबाबदारी." मी सांगितलं, आतलं तपासून झालंय. "मग लेखी द्या." दुसऱ्याच दिवशी लेखी दिलं. त्यांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवला. पुढच्या मंगळवारी गेले तर पेपरवेटखाली दुसरेच कागद, आणि उत्तर असं की तुमचा अर्ज आलेलाच नाही. इथे मी चुकले होते. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

दुसरा अर्ज पोच घेऊन दिला. तिसऱ्या आठवड्यात कळलं की वायरमनच्या तोंडी सांगण्यावर चालणार नाही, लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं लेटरहेडवर पत्र हवं. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? पत्र आणलं. आता मीटर रूम उघडून दाखवा म्हटलं, तर किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी लग्नासाठी गावी, दहा दिवस. दुसरी किल्ली नाही. अख्ख्या इमारतीच्या मीटरांना आग लागली तर काय करणार होते, हे मी विचारलं. मॅनेजर म्हणाले, "तसं काही होत नाही हो."

चौथ्या आठवड्यात मीटर रूम उघडली. आमच्या विंगची अर्थिंगची पट्टी जिथे जमिनीतून वर येते तिथला जोड गंजून सुटला होता. वायरमननी बोट लावलं तर तपकिरी भुगा खाली पडला. बरोबर साहित्य होतं, माणूस होता, तिथल्या तिथे झालं असतं. मॅनेजरांनी हात लावू दिला नाही. खर्च सोसायटीचा, म्हणून कमिटीची मंजुरी हवी, तीन कोटेशन हवीत, आणि आता मार्च एंड असल्यामुळे हिशेब झाल्याशिवाय मीटिंग नाही. साडेतीनशे रुपयांच्या सामानासाठी तीन कोटेशन. मी म्हटलं, पैसे मी देते. "तसं कसं चालेल, मग प्रत्येक जण स्वतःचं करायला लागेल."

या काळात आई रोज सकाळी विचारायच्या, "आज बसाचा काय गो?" त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गरम पाणी पिऊन झाल्यावर सकाळचा तासभर त्यांचा गळा मोकळा असतो, दुपारनंतर आवाज बसतो. त्या आंघोळ करून, केस विंचरून तयार असायच्या. मी नाही म्हटलं की त्या काही बोलायच्या नाहीत, वाती वळायला बसायच्या.

मीटिंग झाली पाचव्या रविवारी. तिथे एका सभासदांनी विचारलं, "बाहुल्यांच्या व्हिडिओसाठी सोसायटीने खर्च का करायचा?" हे वाक्य मला अजून टोचतं. एक तर बाहुल्या ही हलकी गोष्ट नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी जीव लावून सांभाळलेली विद्या आहे. आणि दुसरं म्हणजे प्रश्न त्यांच्याही गीझरचा होता. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. २१ मार्च गेला. त्या दिवशी आईंनी आजोबा-बाहुलीला नुसतं हातात घालून शेजारच्या मुलांना एक गोष्ट सांगितली, कॅमेरा न लावता.

कामी आलं ते हे. वायरमनना मी पुन्हा बोलावलं आणि आमच्या विंगमधल्या प्रत्येक दारात घेऊन गेले. सहा घरांनी तपासू दिलं. सहाही घरांत बल्ब पेटला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाला गीझरच्या पाण्याने आंघोळ घालतात. न पेटलेला बल्ब बघून त्या मटकन खालीच बसल्या. तिसरा अर्ज सात सह्यांचा गेला. त्यात बाहुली, माइक, रेकॉर्डिंग यातला एक शब्द नव्हता. शॉक, गीझर, लहान मूल आणि "काही अपघात झाल्यास जबाबदारी कमिटीची राहील" एवढंच लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी अर्ज दिला, रविवारी सकाळी दहा वाजता वायरमन मीटर रूममध्ये होते आणि साडेदहाला काम संपलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलाच अर्ज असा लिहा. रेकॉर्डिंगची अडचण फक्त तुमची असते, शॉक सगळ्यांना लागतो.

एक राहिलं. भिंतीतलं अर्थिंग दुरुस्त होऊनही उपयोग तेव्हाच, जेव्हा लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असतो. दोन पिनांचा असेल तर भुंगा राहू शकतो, मग बॅटरीवरच काम करावं लागतं.

त्या सात आठवड्यांत आम्ही बॅटरीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे घेत राहिलो आणि त्यातूनच बाकीचं शिकलो. खोलीतला घुमारा घालवायला आईंच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या. समोर कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं. महागड्या फोमची गरज पडली नाही. माइक तोंडापासून वीतभर. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोली तेवढी मागे जाते, हे आम्हाला कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त उपयोगी पडलं. फ्रिज बंद करायचा, आणि चालू करायला विसरू नये म्हणून मी चष्म्याची डबी फ्रिजमध्ये ठेवते. चष्म्यावाचून माझं पान हलत नाही, त्यामुळे फ्रिज एकदाही बंद राहिला नाही. फोन एअरप्लेन मोडवर. सगळं झालं की कुणीही न बोलता त्याच खोलीची तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, जोडकामात दोन वाक्यांच्या मध्ये ती भरता येते. लोकलचा हॉर्न आला तर वाक्य पुन्हा घ्यायचं, दुसरा इलाज नाही.

आवाज आधी, चित्रण नंतर, हा क्रम आमच्यासाठी पक्का झाला. आईंचा आवाज स्पीकरवर लावायचा आणि त्यावर मी बाहुली बोलवते. सुरुवातीला मी प्रत्येक शब्दाला बाहुलीचं तोंड बंद करत होते, ते चावल्यासारखं दिसायचं. तोंड स्वराला उघडायचं आणि प, फ, ब, भ, म आले की मिटलेलं दिसलं पाहिजे. "माका" (मला) म्हणताना आधी मिटलेलं, मग दोनदा उघडं. चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा. बोटं वर उचलली तर बाहुली दर शब्दाला छताकडे बघते. प्रत्येक टेकच्या आधी फोनसमोर एक टाळी वाजवा. फोनच्या आवाजातली ती टाळी आणि चित्रातले जुळलेले हात यावरून मूळ आवाज कुठे बसवायचा ते कळतं.

समोर स्क्रीन ठेवून त्यात बाहुली कशी दिसते ते बघतच हलवायची, पण सेल्फी कॅमेरा वापरू नका. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं आणि एकदा हाताला उलटी सवय लागली की सुटत नाही. फोकस आणि उजेड फोनवर लॉक करून टाका, नाहीतर बाहुली पुढे झुकली की मागचा पडदा पांढरा पडतो. आणि हो, चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिवे बदलत बसू नका. आपल्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. फोनच्या कॅमेऱ्यातलं शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. लेकीला हे चौथ्या गोष्टीला सापडलं, पहिल्या तीन गोष्टींत पट्टे आहेत आणि ते तसेच ठेवलेत.

अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात आहे, त्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हे काम सोसायटीचं. मे महिन्यात मी वाट न बघता दर रविवारी दोन बादल्या स्वतःच ओतल्या. आई वरून, गॅलरीतून सांगत होत्या, अजून एक घाल गो.